उशाकडची फळी

आखाडा बाळापूरच्या बाजारात माझं फर्निचरचं दुकान आहे. दुकान म्हणजे पुढं टिनाचं शेड, मागं लाकडं रचायची जागा आणि मधे मी. माझ्या वडिलांनी बैलगाड्या, वखर, तिफणी केल्या. मी पलंग, कपाटं, चौकटी केल्या. माझा मुलगा नदीम आता मॉड्युलर किचन करतो, म्हणजे नांदेडहून तयार आलेल्या पाट्या स्क्रूनं जोडतो. त्याचं काम स्वच्छ असतं. भुसा उडत नाही, लाकडाचा वास येत नाही. मी नावं ठेवत नाही. त्याच्या पाट्यांतून कधी किडा निघायचा नाही, हे तर मान्यच करावं लागेल.

मला त्या किड्याबद्दलच लिहायचंय.

आमच्याकडचं रान पानगळीचं. साग, धावडा, ऐन, सालई, मधूनमधून मोह. उन्हाळ्यात सगळं उघडं पडतं, डोंगराच्या बरगड्या दिसतात. त्या रानात एक भुंगेरा राहतो. बोटाच्या दोन पेरांएवढा, विटकरी रंगाचा, आणि डोक्यावर दोन लांब शिंगं, अंगापेक्षाही लांब, पाठीवरून मागं गेलेली. हातात धरला तर मान हलवून किरकिर करतो. शिकलेले लोक त्याला लांब शिंगांचा भुंगेरा म्हणतात. आमच्या दुकानात वडिलांच्या वेळेपासून त्याचं नाव शिंगाड्या.

याची मादी वाळल्या लाकडाच्या भेगेत अंडी घालते. अळी आत शिरते आणि वर्षानुवर्षं आतच राहते. रानात मेलेलं झाड खाऊन त्याची माती करायची, एवढंच तिचं काम. पण तेच लाकूड कापून, रंधून, पॉलिश मारून कुणाच्या घरात गेलं, तर ते आतल्या अळीला कुठून कळणार? ती खात राहते. बाहेरचा पातळ पापुद्रा तेवढा सोडते आणि आत पिठासारखा भुसा भरून ठेवते. वरून पलंग नवाकोरा दिसतो. मग एखाद्या वर्षी उन्हाळा सरताना लंबगोल भोक पडतं आणि शिंगाड्या बाहेर येऊन बसतो. तोवर लग्नात दिलेल्या पलंगावर लेकरंसुद्धा खेळायला लागलेली असतात.

अळी खाताना आवाज येतो. क्रर्र, क्रर्र, थांबून पुन्हा क्रर्र. शांत घरात चांगला ऐकू येतो. या आवाजानं माझ्याकडं एकेक गिऱ्हाईकं आली. इथलेच एक किराणावाले कपाटात भूत आहे म्हणून आले होते. कपाटाला लिंबू-मिरची बांधून झाली होती, दर्ग्याचा धागा बांधून झाला होता, शेवटी कपाट करणाऱ्याला बोलावलं. मी कपाटाला कान लावला, पटाशीनं पापुद्रा उचलला आणि करंगळीएवढी पांढरी अळी काढून तळहातावर ठेवली. शेठजी दोन पावलं मागं सरकले. म्हणाले, "मिस्त्री, भुताचं भ्या न्हाई वाटलं तेवढं हे बघून वाटलं. हे माझ्या कपड्यांत ऱ्हात होतं?"

अशा वेळी आमचा नेम ठरलेला. किडकं लाकूड कापून बाजूला काढायचं, त्याच दिवशी जाळायचं, उरलेल्याला औषध मारायचं. दया दाखवली तर भुंगेरा बाहेर येऊन घरातल्या दुसऱ्या लाकडात अंडी घालतो. मी आयुष्यभर हा नेम पाळला. एकदाच पाळला नाही, ती गोष्ट सांगतो.

उत्तम माझा दोस्त. एसटीत कंडक्टर, गाव डोंगरकडा. त्याच्या घराच्या चौकटी मी केल्या तेव्हा ओळख झाली आणि मग सुटली नाही. ड्यूटी संपली की दुकानात यायचा, लाकडाच्या ढिगावर बसायचा, रंध्याखालची सालपटं मुठीत घेऊन वास घ्यायचा. दिवसभर गाडीत ओरडून ओरडून त्याचा आवाज मोठा झाला होता. दुकानातसुद्धा मागच्या सीटवरच्या माणसाशी बोलल्यासारखा बोलायचा. आमच्या घरी ईदला त्याचं अख्खं घर, त्यांच्याकडं बुद्धपौर्णिमेला आमचं अख्खं घर. त्याची पोरगी प्रज्ञा माझ्या मांडीवर बसून लाकडाचे तुकडे रचायची.

प्रज्ञा जन्मली त्या साली उत्तमनं शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सागाचं रोप लावलं होतं. धुऱ्याच्या पलीकडून सरकारी रान सुरू होतं, त्यामुळं सागाला तिथली माती मानवली. पोरगी वाढत गेली, साग वाढत गेला. ती नर्स झाली, सेनगावचं स्थळ आलं, लग्न ठरलं आणि उत्तम मला शेतात घेऊन गेला. झाडावर थाप मारून म्हणाला, "शब्बीरभाई, पोरीचा पलंग याच्यातच करायचा."

मी झाडाला हात लावूनच ओळखलं. म्हणालो, "अरे, हे अजून लेकरू आहे. याच्यात गाभा किती निघंल? मनगटाएवढा. बाकी सगळं पांढरं."

बाहेरच्या वाचकाला हे सांगावं लागेल. सागाच्या आत जो तपकिरी गाभा असतो, तो किडा सहसा खात नाही. गाभ्याभोवतीचं पांढरं लाकूड मात्र त्याला गोड लागतं. झाड जितकं कोवळं, तितकं पांढरं जास्त.

"मग पांढरं घाल," उत्तम म्हणाला.

"पांढऱ्यात किडा लागतो. मी तुला जुना साग देतो. माझ्याकडून समज."

"तुझा साग तुझ्या पोरीला दे. माझ्या पोरीच्या पलंगाला दुसऱ्या झाडाची खुंटीबी लावायची न्हाई. बस."

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. झाड पाडलं. मालकीचं असलं तरी साग हलवायला परवानगी लागते. ती येईपर्यंत ओंडका सालीसकट रानाच्या कडेला पडून राहिला, तोही ऐन उन्हाळ्यात, शिंगाड्या फिरतो त्याच दिवसांत. मी जाऊन साल काढतो म्हणालो, तर तो म्हणाला, कागद आल्याशिवाय हात लावायचा न्हाई, उगी लफडं नको. पुढं मला जमेल तेवढं मी केलं. फळ्या उन्हात वाळवल्या, डिझेल पाजलं, दोन हात पॉलिश दिलं. उशाकडच्या फळीवर एक पिंपळाचं पान कोरलं. पलंग देखणा झाला.

सेनगावला न्यायला टेम्पो केला, तर उत्तम पुढं बसेना. मागं पलंगाजवळ उभा राहिला, दोरी धरून. गाव आलं तसा सवयीनं ओरडला, "सेनगाव, सेनगाव, चला उतरा!" व्याह्यांच्या दारातली माणसं हसून हसून बेजार झाली.

त्यानंतर दोन वर्षांनी उत्तम गेला. छातीत कळ आली, नांदेडला नेता नेता रस्त्यातच. रिटायर व्हायला थोडा वेळ होता. त्याची बायको पुण्याला मुलाकडं गेली, शेत बटईनं दिलं, घराला कुलूप लागलं. मीही डोंगरकड्याला जायचं सोडलं. तिकडचं काम आलं तर नदीमला पाठवायचो.

प्रज्ञाचा फोन अधूनमधून यायचा. एकदा मे महिन्याच्या शेवटी आला तेव्हा तिचा आवाज वेगळा होता.

"जय भीम चाचा. पलंगातून एक जनावर निघालंय. लांब शिंगाचं."

मी हातातला रंधा खाली ठेवला. म्हणालो, "धरून ठेवलंस का?"

"न्हाई. आत्याबाईनं झाडूनं मारलं." मग म्हणाली, "त्या म्हनून राहिल्या की पलंग जाळायचा. तुमी या चाचा. लवकर या."

दुसऱ्याच दिवशी मी सेनगावला गेलो. तिच्या सासूबाई कौशल्याबाई, ज्यांना ती आत्याबाई म्हणते, दारातच उभ्या होत्या. बाई कष्टाची आणि स्पष्ट बोलणारी. म्हणाल्या, "मिस्त्री, तुमच्या कामाला मी नावं ठेवत न्हाई. पन वर बघा." मी वर पाहिलं. जुनं घर, वर लाकडी सरे आणि त्यावर फळ्या. "हे माझ्या मालकानं हातानं चढवलेलं छप्पर हाय. तो किडा याच्यात शिरला तर आमी कुठं जावं? आन् ही पोरगी, एक किडा मारला तर जेवली न्हाई. किड्यासाठी रडून राहिली, आता काय बोलावं?"

मी म्हणालो, "तुमचं बराबर आहे." आणि ते बरोबरच होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

खोलीत गेलो. जावई कामावर गेलेले, लेकरू बाहेर खेळत होतं. उशाकडच्या फळीवर, पिंपळाच्या पानाच्या खाली, लंबगोल भोक होतं. ताजं, कडेला पांढरा भुसा. मी गादी बाजूला केली, गुडघे टेकले आणि फळीला कान लावला. दुपारची वेळ, बाहेर एक मोटरसायकल गेली, मग शांत झालं.

क्रर्र. क्रर्र.

एका जागी नाही, तीन-चार जागी. मी लांब बाजूच्या फळ्यांनाही कान लावला. तिथंही तेच. वळून पाहिलं तर प्रज्ञा माझ्यासमोर, फळीच्या दुसऱ्या टोकाला, तिनंही कान लावलेला. डोळे मिटलेले.

"ऐकू येतं?" मी विचारलं.

"येतं की. रोज येतं."

"किती दिवसांपासून?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. बाबा गेले त्याच्या आसपास."

मला राग आला. "इतकी वर्षं आवाज येऊन राहिला आन् तू मला सांगितलं न्हाई? तेव्हाच सांगितलं असतं तर एक फळी बदलून काम झालं असतं. काहून न्हाई सांगितलं?"

तिनं डोळे उघडले. दाराकडं पाहिलं, सासूबाई ऐकतायत का म्हणून. मग हळू म्हणाली, "चाचा, बाबा झोपेत दात खायचे. तुमाला माहिताय?"

मला माहीत नसेल कसं? आम्ही एकदा चार दोस्त मिळून अजिंठ्याला गेलो होतो, धर्मशाळेत एका खोलीत झोपलो. उत्तमच्या दातांचा आवाज असा की बाकीचे दोघं व्हरांड्यात जाऊन पडले. सकाळी त्याला सांगितलं तर म्हणाला, "दिवसभर सुट्ट्या पैशावरून पॅसेंजरशी भांडतो, ऱ्हायलेलं रात्री चावतो."

प्रज्ञा म्हणाली, "आमचं घर एका खोलीचं. लहानपणापासून मी तोच आवाज ऐकत झोपले. इथं आले तर सगळं गुपचाप. झोपच लागायची न्हाई. मग बाबा गेले. आन् थोड्याच दिवसांत उशाशी तो आवाज सुरू झाला. बराबर तसाच. थांबून थांबून. मला माहीत होतं की आत काहीतरी असंल, मी काय खुळी न्हाई. नर्स हाय मी. पन मी कुणालाच सांगितलं न्हाई. आवाज आला की मला झोप लागायची."

माझा हात फळीवर होता आणि फळी आतून पोकळ झाल्याचं बोटांना कळत होतं. थोडा जोर दिला असता तर अंगठा आत गेला असता.

"समदे मारावे लागतील का चाचा?"

"लागतील."

"एक ठेवता येईल का? एकच. ही फळी मी पेटीत घालून ठेवते."

"न्हाई बाई. पेटी म्हणजे त्याला काय? तो बाहेर येतो, अंडी घालतो. वरच्या सऱ्यांत गेला तर तुझ्या सासूबाई म्हणतात ते खरं होईल. घरात न्हाई ठेवता येत."

तिनं मान हलवली. वाद घातला नाही. ती तशीच होती, बापाच्या उलट.

दारात कौशल्याबाई उभ्या होत्या. कधी आल्या होत्या कोण जाणे, पण त्यांनी ऐकलं होतं. सुनेला म्हणाल्या, "मला आधी सांगायचं न्हाई का तू?" आणि आत चुलीकडं निघून गेल्या. चहा आला तो फार गोड होता, साखर दोनदा पडली असावी.

पलंग सोडवून मी बाळापूरला आणला. दुकानात तो उकलला. चारही खूर, म्हणजे पाय, धड सापडले, कारण खुरांना मी गाभाच वापरला होता. उशाकडची फळी आणि लांब बाजूच्या दोन फळ्या मात्र गेलेल्या. त्या मी मागच्या मोकळ्या जागेत नेल्या, सालपटांवर ठेवल्या, वर थोडं रॉकेल शिंपडायला कॅन हातात घेतला. हे मी किती वेळा केलं असेल. किडकं लाकूड पटकन पेटतं, भुसा भरलेला असतो ना.

शेजारच्या गिरणीचा पट्टा तेवढ्यात थांबला. लाइट गेली असावी. आणि त्या शांततेत मला तीन हातांवरून, कान न लावता, तो आवाज ऐकू आला. क्रर्र. थांबून. क्रर्र.

मी कॅन खाली ठेवला. नदीम आतून म्हणाला, "अब्बा, जला रहे ना?" मी म्हणालो, "थांब जरा."

खरं म्हणजे यात विचार करण्यासारखं काय होतं? आत दोन बोटं लांब अळ्या होत्या, दुसरं काही नाही. हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण या अळ्यांच्या आया ज्या उन्हाळ्यात त्या ओंडक्यावर बसल्या, त्या उन्हाळ्यात उत्तम जिवंत होता, त्याच ओंडक्यावर बसून माझ्याशी भांडत होता. तेव्हापासून या अळ्या आत खात होत्या. मी काडी ओढू शकलो नाही. फळ्या पोत्यात गुंडाळल्या, वरून मच्छरदाणीचं कापड बांधलं, म्हणजे एखादा निघालाच तर उडायला नको. आणि प्रज्ञाला फोन लावला.

"घरात ठेवता येत न्हाई म्हणालो होतो," मी म्हणालो. "पण रानात ठेवता येतं. त्यांचं घरच ते."

ती मग म्हणाली, "रविवारी सुट्टी हाय मला."

रविवारी मी छोटा हत्ती टेम्पो केला, फळ्या घातल्या आणि डोंगरकड्याच्या फाट्यावर थांबलो. सेनगावची जीप आली. प्रज्ञा उतरली आणि तिच्यामागून भाकरीचं गाठोडं घेऊन कौशल्याबाई उतरल्या. मी पाहत राहिलो तर म्हणाल्या, "काहून, मी येऊ नये का? व्याही हुते माझे."

उत्तमच्या शेतात हळद काढून झालेली, वावर मोकळं. धुऱ्यावर सागाचं खोड होतं, आणि त्याच्या बुडातून नवे फुटवे आलेले, माणसाच्या उंचीपेक्षा वर गेलेले. प्रज्ञा तिथं थांबली. मला वाटलं होतं ती रडेल, पण तिनं फुटव्याचं एक पान उलटं करून पाहिलं आणि पुढं निघाली.

रानाच्या तोंडाशी एक वनरक्षक पोरगा मोटरसायकलवर भेटला. पोतं बघून त्यानं आम्हाला अडवलं. "काय नेऊन राहिले चाचा?"

"लाकूड."

"पास?"

"बाहेर न्हाई नेत. आत नेऊन राहिलो."

त्यानं पोतं उघडून पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, दोन बायांकडं पाहिलं. "बाहेर न्यायला पास लागतो," तो म्हणाला. "आत न्यायला काय लागतं, ते मला कुनी शिकवलं न्हाई." प्रज्ञानं त्याला सगळं सांगितलं, दात खाण्यासकट. तो हसला नाही. मोटरसायकल बाजूला लावून त्यानं एका फळीचं टोक धरलं, दुसरं टोक कौशल्याबाईंनी.

पाऊस अजून यायचा होता. साग नागवे उभे होते, खाली वाळल्या पानांचा पापडासारखा चुरा. एका ओघळाच्या काठी वाऱ्यानं पडलेला जुना ऐन होता. त्याच्या बुंध्यात तशीच लंबगोल भोकं होती. मी म्हणालो, इथंच ठेवू, इथं त्यांचं गणगोत दिसतंय. वनरक्षक फळी टाकायला लागला तशा कौशल्याबाई ओरडल्या, "हळू! हळू ठेव रे बाबा." पिंपळाचं पान वरच्या बाजूला राहील अशी ती फळी त्यांनीच नीट सरकवली, आणि पदरानं त्यावरची धूळ पुसली.

आम्ही तिथंच भाकरी खाल्ली. मी त्यांना उत्तमच्या गोष्टी सांगितल्या, टेम्पोतली सांगितली, अजिंठ्याची सांगितली. कौशल्याबाईंना हसता हसता ठसका लागला. निघताना प्रज्ञानं फळीला कान लावला. आम्ही बाकीचे दुसरीकडं बघत उभे राहिलो.

पलंगाला मी जुन्या घराचा साग लावला, किडा ज्याच्याकडं बघणार नाही असा. खूर तेच ठेवले. पलंग पुन्हा सेनगावला गेला, सासूबाईंनी स्वतः गादी घातली. पुढं एकदा मी फोनवर विचारलं, झोप लागते का? म्हणाली, "लागते चाचा. पन लवकर जाग येते."

पुढच्या वर्षी पोळा झाल्यावर आम्ही दोघं त्या जागी गेलो. रान गच्च हिरवं, फळ्या शोधाव्या लागल्या. तिनं कान लावला आणि हसली. अजून होते. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. कौशल्याबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या आल्या नाहीत, पण भाकरी त्यांची होती.

त्या खेपेला फळ्या काळ्या पडलेल्या, कडा मऊ झालेल्या, खालून अळंबी आलेली. कोरलेलं पान हातानं चाचपलं तरच कळत होतं. आणि सगळीकडं भोकं. प्रज्ञा गुडघ्यावर बसली, केस मागं सारले, कान लावला. बराच वेळ तशीच राहिली. जागा बदलली, पुन्हा लावला.

"काहीच न्हाई चाचा."

"गेले असतील. भोकं बघ ना किती."

तिनं एका भोकात करंगळी घातली, फिरवली, बाहेर काढली. बोटाला भुसा लागला होता. ती मान वर करून झाडांकडं पाहत राहिली. "कुठं गेले असतील?"

"इथंच असतील. लई लांब उडत न्हाई तो. एखादं वाळलं झाड मिळालं की पुरे."

"बरं झालं," ती म्हणाली. मग तिचे डोळे भरून आले, आणि तिनं ते लपवले नाहीत. उभी राहिली, ओढणीनं तोंड पुसलं. "चला चाचा. लेकरू क्लासवरून येईल, आत्याबाई एकट्या हायत."

ती ओघळ उतरून खाली निघाली. मला गुडघ्यांमुळं सावकाश चालावं लागतं, म्हणून ती पुढं जाऊन थांबते, ही आमची रीत. मी निघालो, चार पावलं गेलो आणि परत फिरलो.

आयुष्यभर मी लाकडाला कान लावलाय, पण तो कामासाठी. कुठं कापायचं, कुठं ठेवायचं, एवढंच ऐकायला. त्या दिवशी मी काठी बाजूला ठेवली, एका हातानं ऐनाचा बुंधा धरून खाली बसलो आणि त्या ओल्या, पोकळ फळीला कान लावला. वरून सागाच्या मोठ्या पानांची सळसळ येत होती. दूर रस्त्यावर एसटीनं हॉर्न दिला. फळीच्या आत काहीच नव्हतं. "उत्तम," असं मी तोंडानं म्हणालो की नुसतं मनात आलं, ते मला आता सांगता येणार नाही.

खालून प्रज्ञाची हाक आली, "चाचा, येऊन राहिले ना?"

"आलो, आलो," मी म्हणालो. पण कान लगेच काढवला नाही.